मालकांची आग्नेयमुखी मोटार

उपग्रहावरचा रेडिओ मी आयुष्यात मोजून अकरा गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारला. त्यातल्या दहा जणांनी पुढं मला रस्त्यात गाठून शिव्या घातल्या. अकरावे आमचे घरमालक. सगळ्यांत मोठी थाप मी त्यांनाच मारली होती, आणि शिव्यांऐवजी त्यांनी कितीतरी वर्षं संक्रांतीला गुळाचा एक अख्खा रवा, म्हणजे ढेप, माझ्या घरी पोचता केला. असा माणूस विसरायचा म्हटलं तरी विसरता येत नाही.

दोन हजार सालानंतरची ती पहिली पाच-सहा वर्षं. मी गारगोटीहून कोल्हापुरात आलेलो आणि राजारामपुरीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विक्रेता म्हणून चिकटलेलो. हा रेडिओ नवाच आला होता. डबा घ्यायचा, वर्षाची वर्गणी भरायची, तळहाताएवढा चपटा अँटेना आकाशाकडं करून ठेवायचा. मग थेट वरून गाणी. खरखर नाही, मध्येच दुसरं स्टेशन घुसणं नाही. त्याचं शिक्षण घ्यायला दुकानानं मला अर्ध्या दिवसासाठी पुण्याला धाडलं. तिथं दुपारी जेवण फार चांगलं होतं. जेवणानंतर खोलीत अंधार करून पडद्यावर काही दाखवायला लागले आणि माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा शिकवणारे साहेब शेवटचं वाक्य बोलत होते, "थोडक्यात काय, आकाश दिसलं पाहिजे." त्या एका वाक्यावर मी पुढं वर्षभर धंदा केला.

मालकांचा जन्म गुळाच्या अडतीत गेलेला. मार्केट यार्डात चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या गुळाची प्रत ठरवली आणि मग गादी मुलाच्या हवाली करून शाहूपुरीतल्या घराच्या कट्ट्यावर येऊन बसले. गादी सुटली, सवय सुटली नाही. कुठलीही वस्तू समोर आली की आधी बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक करायची, कान द्यायचा आणि मग निकाल सांगायचा. कलिंगड झालं, दार झालं, डॉक्टरांचं टेबल झालं, एकदा तर माझं कपाळ झालं. "पोकळ न्हाई," म्हणाले, "पण भरायला जागा हाय अजून." माणसांचीही प्रत लावायचे. धाकटा जावई 'मध्यम, पण टिकाऊ'. मोठा 'रंग घातलेला'. पावसालासुद्धा सोडत नसत. "औंदाचा पाऊस नंबर दोन. पडतोय जोरात, मुरत न्हाई."

मी खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी माझ्यापुढं बशीत गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी ठेवलं. मला वाटलं पाहुणचार. खडा पिवळाधमक, सोन्यासारखा. खोली मिळावी म्हणून मी तोंड भरून स्तुती केली. "असला गूळ गारगोटीत बघायला मिळत नाही, मालक! पेढा आहे पेढा!"

ते शांतपणे म्हणाले, "रंग यावा म्हणून औषध मारलेला माल हाय त्यो. आमी जनावरालाबी घालत न्हाई."

मी पाण्याचा घोट घेतला तो नाकात गेला. मी उठायला लागलो तसे म्हणाले, "बस की. खोली दिली. खोटं बोललास की तुझं कान लाल हुत्यात. असला भाडेकरू बरा असतोय. धंद्यात मात्र तुझं कठीण हाय गड्या."

मालकांच्या पत्नीला सगळी गल्ली अक्का म्हणायची. त्या धारवाडकडच्या. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली होती, पण रागावल्या की अजून कन्नडमध्येच रागवायच्या. मराठीतला राग त्यांना अळणी लागायचा. नवऱ्याला हाक मारायच्या ती 'री', म्हणजे अहो, एवढीच, आणि मला 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ. मी त्या घरात राहायला गेलो तेव्हा त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारलेला. घरातल्या घरात काठी घेऊन हिंडायच्या, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून दीड वर्ष झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं, हळूहळू का होईना, चालायला पाहिजे, नाहीतर पाय कायमचे बसतील. अक्कांचं म्हणणं असं, की काठी टेकत गल्लीतून जायचं म्हणजे प्रत्येक दारात थांबून गुडघ्याचं कीर्तन करायचं. "त्यापरीस माझं घर बरं. घर काय विचारत न्हाई."

मालकांनी खास त्यांच्यासाठी जुनी मोटार घेतली होती, दुधी रंगाची. रोज सकाळी स्वतः पुसायचे. अक्का तिच्यात एकदाच बसल्या, मी यायच्या आधी. मालक ती इतकी हळू चालवायचे की रंकाळ्याकडच्या रस्त्यावर एका म्हशीनं आम्हाला मागं टाकल्याचं मी स्वतः बघितलंय. त्या एका फेरीवरून परत आल्यावर अक्का म्हणाल्या होत्या, "मागच्या शिटावर बसून काय बघायचं? तुमची मान?" आणि संपलं. त्यांचा खरा जीव संध्याकाळच्या रेडिओत. स्वयंपाकघरात फळीवर जुना रेडिओ होता. त्यावर कानडी स्टेशन लागायचं, वचनं, म्हणजे कानडी संतांची पदं, लागायची, पण सगळी खरखरीच्या पोत्यात भरलेली. अक्का डब्याला कान लावून उभ्या राहायच्या आणि भाकरी करपायची.

एके दिवशी कट्ट्यावर मालकांनी मला गाठलं.

"तुझ्या त्या आभाळातल्या रेडिओवर कानडी लागतंय व्हय रं?"

"लागतं की मालक. एक अख्खं चॅनेल आहे. काचेसारखं स्वच्छ."

"घरात बसवायचा का मोटारीत?"

"कुठंही. घराचा निवडा, मोटारीचा निवडा."

मालकांनी आत स्वयंपाकघराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "घरात बसवला तर काय हुईल सांगू? ही जी फळीपाशी बसंल ती ऱ्हाईल बसून. आत्ता निदान देवघरापातूर तरी येतीया. मोटारीत असला म्हंजे ऐकायला मोटारीत यायला पायजे. मोटारीत आली की भाईर आली. भाईर आली की कवातरी पाय खाली टेकंल का न्हाई? पर माझी एकच अडचण हाय. मोटारीत लागतोय का नक्की?"

इथं मी म्हणायला हवं होतं, 'विचारून सांगतो.' तेवढं म्हटलं असतं तर हा लेख मला लिहावा लागला नसता. मी म्हणालो, "आकाश दिसलं पाहिजे, मालक. मोटारीतून दिसतंच की."

ते माझ्या कानांकडं बघत होते. बहुतेक संध्याकाळचा उजेड कमी असावा.

तरीही नमुना बघितल्याशिवाय घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ओळीनं तीन दुपारी ते आमच्या दुकानात येऊन बसले आणि हेडफोन लावून त्यांनी एकेक चॅनेल तपासलं. डोळे मिटलेले, बोट काउंटरवर टकटक करतंय, दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं फ्रिज बघायचं सोडून यांच्याकडं बघतायत. हेडफोन कानावर असल्यामुळं निकाल मोठ्यानं सुटायचे. इंग्रजी बातम्यांना, "रंग चांगला, गोडी न्हाई!" कुठल्याशा विलायती वाद्यवृंदाला, "रवा फुटलाय ह्यो!" नव्या हिंदी गाण्यांना, "ओला माल! चार दिसांत पाणी सुटंल!" तिसऱ्या दिवशी मी कानडी चॅनेल लावलं. कुणीतरी बाई एकतारीवर वचन गात होती. टकटक थांबली. वचन संपलं. मग हेडफोन काढून माझ्या हातात देत म्हणाले, "नंबर एक." एवढंच. आणि छत्री विसरून गेले.

अक्कांना विचारणं बाकी होतं. पूर्वी यार्डात सौदा उघड बोलत नसत म्हणे. घेणारा आणि देणारा एका पंच्याखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव ठरायचा; शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागायचा नाही. ती पद्धत यार्डातून कधीच गेली, मालकांच्या घरातून गेली नव्हती. चारचौघांत नवरा-बायकोला काही ठरवायचं असलं की मालक खांद्यावरचा पंचा पुढं करायचे. त्या संध्याकाळीही कट्ट्यावर मी आणि दुसरे एक भाडेकरू बसलेलो. मालक दाराशी जाऊन म्हणाले, "एक म्हंजे मोटार, दोन म्हंजे घर." अक्का उंबऱ्याच्या आत, मालक उंबऱ्याच्या बाहेर, मध्ये पंचा. आम्ही सभ्यपणे नारळाच्या झाडाकडं बघितलं. पंच्याखाली बरीच हालचाल झाली. मग मालकांनी हात काढला आणि जाहीर केलं, "मोटार!" अक्कांनी तोंड उघडलं, मिटलं आणि आत निघून गेल्या.

वर्गणीचा फॉर्म मी कंपनीला पाठवून दिला आणि दुकानातला दाखवायचा सेट रविवारपुरता मागून आणला. मोटारीच्या टपाला भोक पाडायला मालकांनी साफ नकार दिला, म्हणून अँटेना पुढच्या काचेखाली चिकटपट्टीनं बसवला, तोंड वर करून. सगळ्या वायरी मीच जोडल्या. बटण दाबलं. डब्यावर दिवा लागला, आवाज नाही. "गल्लीत इमारती फार आहेत," मी म्हणालो. "मोकळ्यावर गेलं की लागेल."

"मग जोतिबाच्या डोंगराएवढं मोकळं दुसरं काय हाय?" मालक म्हणाले. "हिला म्हटलंय, जाताना वचनं ऐकत जायाचं."

आणि दोनेक वर्षांनी अक्का उंबरा ओलांडून बाहेर आल्या. इरकल नेसलेल्या, काठी एका हातात, दुसरा हात माझ्या खांद्यावर. दारापासून मोटारीपर्यंत आठ पावलं. मालक दार धरून उभे होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. माझ्याही होता, पण त्याचं कारण वेगळं.

पंचगंगेचा पूल गेला. आवाज नाही. केर्ली गेली. आवाज नाही. मी डब्याची सगळी बटणं दाबून झालो, वायर काढून फुंकर मारून परत घातली. अक्का या खेपेला पुढच्या शिटावर होत्या. शेवटी म्हणाल्या, "मी दोन बोटं दाबलेली."

"मला एकच लागलं," मालक रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले.

"दोन दाबली री! घर म्हटलं होतं मी!"

"त्यातलं एक अंगठा आसंल. अंगठा धरत न्हाईत."

"चाळीस वर्सं असाच भाव लावलासा व्हय लोकास्नी?"

मी मागं बसून जोतिबाला नवस बोलत होतो. घाट सुरू झाला. पहिलं मोठं वळण आलं, मोटारीनं तोंड फिरवलं आणि डब्यातून एकदम एका बाईचा खणखणीत सूर बाहेर पडला. अक्का दचकल्या, मग हसल्या, आणि तेवढ्यात वळण संपलं. सूर तोडल्यासारखा बंद.

"आत्ता हुतं की! कुठं गेलं?"

पुढच्या वळणावर परत दोन ओळी. परत शांतता.  उपग्रह एकाच जागी उभा असतो, आणि आपण वळलो की तो आपल्याबरोबर वळत नाही, एवढी साधी गोष्ट मला त्या घाटात कळली. पुण्यात अंधार केला होता तेव्हा बहुतेक हेच दाखवत होते.

वर पोचल्यावर मालकांनी मोटार थेट मोकळ्या पटांगणात नेली आणि जागच्या जागी गोल फिरवायला सुरुवात केली. तासाला दोन मैल या वेगानं. नारळ-गुलालाच्या दुकानांतल्या बायका बाहेर आल्या. "पावणं, मोटारीसकट प्रदक्षिणा व्हय?" एकीनं विचारलं. मालक उत्तर न देता चाक फिरवत राहिले. अर्धा फेरा झाला आणि गाणं लागलं. तिथंच त्यांनी ब्रेक दाबला, खाली उतरले, मोटारीच्या नाकासमोर उभे राहून लांबवर बघितलं. "गावाकडं तोंड केलं की लागतंय," म्हणाले. "आग्नेय." एका दुकानदारणीकडून दोन दगड मागून चाकांना लावले. वचनं तासभर चालली. अक्का हलल्या नाहीत. पाटानं पाणी यावं तसा त्यांचा चेहरा भरत गेला. शेवटी त्यांनी गुलालानं माखलेल्या शिखराला बसल्या जागेवरून हात जोडले आणि म्हणाल्या, "रेडिओ चांगला हाय. पोरगं गाढव हाय."

परतीचा सगळा उतार गावाकडं तोंड करूनच होता. वळणं सोडली तर रेडिओ वाजत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस सौम्य होता. त्यानं आधी फॉर्मबद्दल विचारलं. "सर, तुम्ही पाठवलेल्या फॉर्मवर 'मोटार' असा एक रकाना दिसतोय. आमच्या फॉर्मवर तसा रकाना नाही." नव्हताच. फॉर्मवर फक्त घर आणि दुकान होतं. काहीतरी छापायचं राहिलं असेल असं समजून मी पट्टीनं, बॉलपेननं, मोठ्या काळजीनं तिसरा रकाना आखला होता आणि त्यात खूण केली होती. त्यानं मला समजावलं, की चालत्या गाडीत हा रेडिओ चालत नाही. गच्चीवर अँटेना ठेवा, वायर खाली सोडा, चोवीस तास उत्तम वाजेल.

मी तोंड पाडून कट्ट्यावर गेलो आणि सगळं कबूल केलं. "चूक माझी आहे, मालक. पण काळजी करू नका. आपल्या गच्चीवर एकदम फर्स्टक्लास लागेल! अक्कांना घरबसल्या..."

"हळू बोल!" मालकांनी माझं मनगट पकडलं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. "गच्चीचं नाव काढायचं न्हाई ह्या घरात. काढलंस तर खोली खाली करायची. चालत्या मोटारीत लागत न्हाई म्हणतोस, हुभ्या मोटारीत लागतोय न्हवं? मग झालं. मला कुठं पळत ऐकायचंय?"

"नव्या फॉर्मवर काय लिहू?"

"घर लिही. कागदावर घर, ठेवायचा मोटारीत. आन काल ती आठ पावलं चालली. मोजलीस का न्हाई तू?"

मी मोजली होती. वर्षाची वर्गणी घरासाठी घेतली गेली आणि डबा मोटारीत बसला.

फुलेवाडीच्या पुढं मालकांच्या एका जुन्या शेतकऱ्याचं गुऱ्हाळ होतं. त्याच्या अलीकडं उसाच्या बांधाला लागून एक मोकळा तुकडा होता. रोज संध्याकाळी मोटार तिथं जायची आणि आग्नेयेला नाक करून उभी राहायची. पहिले काही दिवस तोंड बरोबर लावायला मला बरोबर नेलं. मी त्यासाठी होकायंत्र विकत घेतलं आणि ते मोटारीच्या बॉनेटवर ठेवून वाचलं. लोखंडावर होकायंत्र वेडं होतं हे मला ठाऊक नव्हतं. मी ठामपणे दाखवलेल्या दिशेला मोटार लावली तर थेट एका गोठ्याचं बूड समोर आलं. अक्का म्हणाल्या, "तम्मा, तू घरीच थांब." त्यानंतर मालक बांधावरच्या एका बाभळीच्या खुणेनं मोटार लावायचे आणि कधी चुकले नाहीत.

आधी महिनाभर अक्का काचा वर करून बसल्या. मग काच खाली आली. मग दार उघडं राहायला लागलं आणि एके दिवशी मालक घरी येऊन मला बाजूला घेऊन म्हणाले, "आज पाय भाईर सोडून बसलीती." असं सांगत होते, की जणू नातवानं पहिलं पाऊल टाकलंय. पुढं पाऊस लागला आणि सगळं थांबलं. चार महिने मोटार दारात आणि अक्का घरात. मालकांनी त्या पावसाला नंबर चार दिला. त्या अख्ख्या पावसाळ्यात गच्चीचा शब्द चाळीस वेळा माझ्या जिभेवर आला असेल. अक्का फळीवरच्या खरखरीला कान लावून उभ्या राहायच्या आणि मी समोर बसून चहा प्यायचो.

एकदा त्यांनी विचारलं, "तम्मा, हे यंत्र वर गच्चीवर ठेवलं तर लागायचं न्हाई का रं?"

माझ्या हातातला अर्धा चहा त्यांच्या जात्यावर सांडला. "नाही अक्का. गच्चीवर... वारा फार असतो."

त्यांनी माझ्या कानांकडं बघितलं, फडक्यानं जातं पुसलं आणि म्हणाल्या, "असतोय खरा." पुन्हा कधी त्यांनी गच्चीचं नाव काढलं नाही. ह्या घरात कोण कोणाला फसवत होतं हे मी त्यानंतर मोजायचं सोडून दिलं.

पुढं माझं लग्न झालं, मी दुकान आणि खोली दोन्ही सोडली, आणि रोजच्या गाठीभेटी सणासुदीवर आल्या. मग काही वर्षांनी एका थंडीत कळलं, की तो रेडिओच बंद झाला. एका दिवसात सगळे डबे मुके. माझ्या दहा गिऱ्हाइकांनी मला गाठायला सुरुवात केली ती तेव्हाच. पण माझ्या डोक्यात अकरावं गिऱ्हाईक होतं. रेडिओ गेला म्हणजे मोटार गेली, मोटार गेली म्हणजे अक्का परत फळीपाशी. मी आठ दिवस टाळाटाळ केली आणि मग एका संध्याकाळी हिंमत करून शाहूपुरीत गेलो. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "आणि कुठं? गुऱ्हाळावर."

मी तिकडं गेलो. मोटार बांधावर उभी होती, नाक आग्नेयेला. आत कोणी नव्हतं. डब्यावर धुळीचा थर होता आणि त्यावर कोणीतरी बोटानं रेघोट्या ओढल्या होत्या.  तेवढ्यात गुऱ्हाळाकडून अक्कांचा आवाज आला, कन्नडमध्ये, चांगलाच तापलेला.

गुऱ्हाळ तिथून चांगलं शंभर पावलांवर होतं. चुलवाणापाशी, म्हणजे गुळाच्या भट्टीपाशी, पोत्यावर अक्का बसल्या होत्या. समोर ऊसतोडीला सीमेपलीकडून आलेली एक बाई होती आणि दोघींचं कुठल्याशा गावाच्या जत्रेवरून भांडण जुंपलेलं. मालक पलीकडं बसून काहिलीतला उकळता पाक बघत होते.

मी फाशीला निघाल्यासारखा पुढं झालो. "मालक, एक वाईट बातमी आहे. रेडिओ..."

"बंद पडलाय," मालक म्हणाले. "आमास्नी ठावं हाय. तुला आज कळलं व्हय?"

"म्हणजे, मग तुम्ही रोज..."

अक्का माझ्याकडं वळल्या. "आरं तम्मा, त्यो लावून किती दिस झालं! हितं ही बाई भेटलीया, हिच्या आईचं गाव माझ्या मामाच्या गावाशेजारी. रेडिओतली बाई काय उलट बोलतीया व्हय? हिच्यासंगं भांडता तरी येतंय. बस. काकवी खा."

मी गरम काकवी खाल्ली आणि जीभ भाजून घेतली. अंधार पडायच्या आत निघायचं म्हणून मालकांनी किल्ली माझ्याकडं टाकली. "जा, मोटार वळवून ठेव. आमी येतो चालत."

"तोंड कुठं करू?" मी सवयीनं विचारलं.

"घराकडं, लेका! आन कुठं?"

मोटार चालवायचा परवाना माझ्याकडं होता. मागं घ्यायचा सराव नव्हता. मी आरशात बघत, मान वळवत, मोठ्या ऐटीत ती मागं घेतली आणि मागचं चाक सावकाश पाण्याच्या पाटात जाऊन बसलं. मी जोर लावला, चाक आणखी रुतलं. चिखल उडाला.

गुऱ्हाळाकडून ओरडा झाला. गूळ करणारा गुळव्या आला, त्याची दोन माणसं आली, आणि त्यांच्या मागून बांधावरून अक्का आल्या, कोणाच्याही खांद्यावर हात नाही. पाटाच्या कडेला पाय रोवून उभ्या राहिल्या आणि काठी उचलून हवेत रोखली. "डावीकडं काप! डावं, डावं! आरं ह्येला डावं कळत न्हाई का? तुमी मागनं लावा जोर! साकु, साकु! पुरे, थांबा! दगड घाला आधी चाकाखाली!" काठी जमिनीला टेकायला तयार नव्हती. ती पाटावर फिरत होती, माणसांवर फिरत होती, एकदा माझ्या नाकासमोरून गेली.

मालक माझ्या खिडकीपाशी येऊन वाकले. मला वाटलं, आता शिव्या मिळणार. त्यांचं मोटारीकडं लक्षच नव्हतं.

"इंजन बंद कर," ते हळूच म्हणाले. "लगेच काढू नको भाईर. बग की, कशी हुभी हाय."